पाय उभं राहायला असतात

मंगलाबाईंच्या मिसळीच्या दुकानात रविवारी सकाळी टीव्हीवर काय लावायचं, याचा एक नियम आहे. ज्या टेबलाची ऑर्डर आधी येईल, त्या टेबलाचं चॅनल. आणि त्या टेबलावरची शेवटची प्लेट संपेपर्यंत ते बदलायचं नाही. भांडणं थांबावीत म्हणून मंगलाबाईंनी हा नियम केला. भांडणं काही थांबली नाहीत. लोक सावकाश खायला लागले, एवढंच.

अमेरिकेत शनिवारी रात्री ज्या लढती होतात, त्या आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात. बॉक्सिंगच्याही तेव्हाच आणि एमएमएच्याही तेव्हाच. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. त्यात ठोसे, लाथा, कुस्ती, हात पिरगाळणं, गळा आवळणं, जवळजवळ सगळं चालतं आणि लढत जाळीच्या पिंजऱ्यात होते. दुकान नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. भिंतीजवळच्या टेबलावर आम्ही बॉक्सिंगवाले बसतो. आम्ही म्हणजे हनीफ, मी आणि नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले दोन-तीन गृहस्थ, जे लढतीपेक्षा मिसळीसाठी येतात. खिडकीजवळ एमएमएवाली पोरं बसतात. त्यांचा म्होरक्या आल्हाद. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

सावकाश खाण्यात हनीफचा हात कोणी धरणार नाही. सगळी मिसळ संपवून तो पावाचा शेवटचा तुकडा रश्श्याच्या वाटीत बुडवून ठेवतो आणि त्याला विसरल्यासारखं करतो. पोरं मंगलाबाईंकडे तक्रार करतात. मंगलाबाई येऊन वाटीत डोकावतात, "आहे अजून" असं जाहीर करतात आणि वर आणखी रस्सा ओततात, कारण आमच्याकडे रस्सा मागेल तितका मिळतो. मग शेवटचा, बारावा राउंडही आमचाच.

"काका," आल्हाद एकदा म्हणाला, "तुमच्या बॉक्सरला देवाने पाय दिलेत ना? मग वापरत का नाहीत?"

"पाय उभं राहायला असतात," हनीफ म्हणाला. "तुमची माणसं दोन मिनिटांत जमिनीवर. एका चादरीत दोघं भांडल्यासारखी."

"आणि तुमची उभ्या उभ्या मिठ्या मारतात. रेफरीने सोडवायचं, की पुन्हा मिठी."

"मिठी उभ्यानेच मारतात बेटा. तुझं लग्न झालं की कळेल."

खिडकीजवळचं टेबलसुद्धा हसलं. असं दर रविवारी चालायचं. मी यात कधी बोललो नाही. मला चटकन काही सुचत नाही. सुचतं ते परतीच्या बसमध्ये, पंचवटी आल्यावर.

खरं म्हणजे बॉक्सिंगवाल्यांच्या टेबलावर बसायची माझी लायकी आहे का, ही शंका मला पहिल्यापासून आहे. मी आयुष्यात ग्लोव्ह घातलेला नाही. एका वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि बॉक्सिंग मला कळतं ते वाचून. हनीफ तेव्हा प्रेसमध्ये नोकरीला होता, संध्याकाळी बॉक्सिंग खेळायचा आणि खेळाचं पान वाचायला वाचनालयात यायचा. कोणी कोणाला कुठल्या साली हरवलं ते मी सांगायचो. ठोसा लागल्यावर तोंडात कसली चव येते ते तो सांगायचा. पुढे खेळणं थांबलं तेव्हा तो जिल्ह्याच्या सामन्यांत पंच झाला. त्याचा आवाज पंचाचाच होता. पडलेल्या माणसावर वाकून तो "वन, टू" म्हणायला लागला की मागच्या रांगेतल्या मलासुद्धा उठून उभं राहावंसं वाटायचं.

अलीकडे हनीफला दिसत नाही. अगदीच नाही असं नाही. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग वयामुळे गेला आहे, कडेचा शाबूत आहे. त्यामुळे तो रस्ता ओलांडतो, जिना चढतो, वाटीतला पाव शोधतो. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसल्यासारखं होतं. माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. टीव्हीची चौकट दिसते, लढत दिसत नाही.

ही गोष्ट त्याची मुलगी कौसर, डॉक्टर आणि मी यांच्याशिवाय कोणाला कळू द्यायची नाही, असं त्याने मला बजावलं होतं. पोरांसमोर तर नाहीच. म्हणून मी त्याच्या डाव्या हाताला बसतो आणि हळू आवाजात सांगत राहतो. जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हूक म्हणजे कडेने वळवून मारलेला. जॅब. जॅब. उजवा चुकला. दोरांवर गेला. बरगडीत हूक, लागला. हनीफचे खांदे माझ्या शब्दांबरोबर हलतात. "आता उजवा येणार," असं तो म्हणतो, आणि बहुतेक वेळा येतो. बघणाऱ्याला वाटावं, दोन म्हातारे गप्पा मारतायत. सांगण्यात मी काही विशेष नाही. आवाज बारीक, शब्द शोधायला वेळ लागतो. पण हनीफ दुसऱ्या कोणाचं ऐकायला तयार नव्हता.

आमची लढत सुरू झाली की आल्हाद मंगलाबाईंना आवाज कमी करायला सांगायचा. "बॉक्सिंगमध्ये ऐकण्यासारखं काय असतं," म्हणायचा. याचा आम्हाला फार राग यायचा.

इन्शा ही कौसरची मुलगी, हनीफची नात. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहान होती तेव्हा हनीफनेच तिला गच्चीवर बॉक्सिंग शिकवलं. कपडे वाळत घालायची दोरी तिच्या खांद्याच्या उंचीवर बांधायचा आणि ठोसे मारत मारत त्या दोरीखालून इकडून तिकडे जायला लावायचा. दोरीला केस लागला तर पुन्हा पहिल्यापासून. शाळेच्या सामन्यांत ती उतरायची तेव्हा तिच्या कोपऱ्यात टॉवेल घेऊन हनीफ, आणि प्रेक्षकांत पुस्तक मिटून बसलेला मी.

मग एका टाइल्सच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर एमएमएची जिम निघाली आणि इन्शा तिकडे गेली. घरात आरडाओरडा वगैरे झाला नाही. हनीफने फक्त गच्चीवरची दोरी पुन्हा कपड्यांच्या उंचीवर बांधली. परीक्षा, जेवण, तिच्या स्कूटरचं पंक्चर, सगळ्या विषयांवर दोघं बोलायची. तो एक विषय सोडून.

डिसेंबरात एका रविवारी मी मिसळ खाऊन बसस्टॉपवर उभा होतो. इन्शाने स्कूटर माझ्यासमोर थांबवली आणि हातात दोन पास दिले. तिची पहिली लढत होती. पुढच्या महिन्यात, इथेच नाशिक रोडला.

"राजाआजोबा, नानांना घेऊन या," ती म्हणाली. माझं नाव ढुंढिराज, पण त्या घरात मी राजाभाऊ, म्हणून ती राजाआजोबा म्हणते. "ते शिव्या देतील. देऊ देत. फक्त तिथे बसलेले पाहिजेत. ते नसले की मला पाठीमागून वारा लागल्यासारखं होतं."

मी प्रयत्न करतो म्हणालो. माझ्या प्रयत्नाने आजवर कोणी फारसं हललेलं नाही, हे तिलाही माहीत असावं. तरी तिने हेल्मेटची काच खाली करताना थँक्यू म्हटलं.

हनीफने अपेक्षेप्रमाणे नाही म्हटलं. पिंजरा जनावरांसाठी असतो, पडलेल्या माणसाला मारणारा खेळ हा खेळच नाही, वगैरे सगळं झालं. हे सगळं मी दर रविवारी ऐकत होतो, म्हणून नुसता बसून राहिलो. आम्ही गच्चीवर उन्हात बसलो होतो. मग तो म्हणाला:

"राजाभाऊ, तू डावा म्हणालास की मला डावा दिसतो. कारण डावा काय असतो ते मला माहिती आहे. तो लोळण्याचा खेळ तू मला कसा दाखवणार? तुला तरी कळतो का? पोर माझी तिथे आत मार खात असणार, आणि मी नुसता आरडाओरडा ऐकत बसू? त्यापेक्षा घरी बरा."

मला तो खेळ खरंच कळत नव्हता. पण बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की त्याने येणार नाही असं म्हटलं नव्हतं. तू दाखवू शकणार नाहीस, असं म्हटलं होतं. म्हणजे त्याचं येणं न येणं माझ्यावर आलं. माझी झोपच गेली म्हणायची.

वाचून काही कळण्यासारखं असेल तर मी आधी वाचतो. तसं केलं. तालमीवरचं एक जुनं पुस्तक काढलं, मोबाइलवर एमएमएच्या लढती लावल्या आणि पुस्तकातले डाव पडद्यावर शोधत बसलो. पकड सापडायची तोवर दोघं उलटी झालेली असायची. चार दिवसांनी मी चष्म्याच्या दुकानात गेलो.

आल्हादला सरळ विचारणं मला जमेना. गिऱ्हाईक होतं, मग दुसरं गिऱ्हाईक आलं. मी चष्म्याला लावायची दोरी मागितली. त्याने दाखवलेल्यांतली एक घेतली. माझ्या गळ्यात तशीच एक दोरी आधीपासून होती. त्याने ती पाहिली आणि नवी दोरी पिशवीत घालून दिली. मग मी म्हणालो की मला तुमचा तो खेळ समजून घ्यायचा आहे. जरा सविस्तर. कोणाला तरी सांगता येईल इतका.

"हनीफकाकांना," आल्हाद म्हणाला.

मला खोटंही पटकन सुचत नाही.

"काका, मी चष्मे विकतो," तो म्हणाला. "हनीफकाका टीव्हीकडे बघतच नाहीत. टीव्हीच्या शेजारी कॅलेंडर आहे, तिकडे बघतात. मधलं गेलेला माणूस असंच बघतो, कडेने. आम्हाला सगळ्यांना माहिती आहे. तुमचा आवाज इतका बारीक, टीव्ही मोठा असला तर त्यांना ऐकू कसं जाणार? म्हणून मंगलाबाईंना सांगतो मी, कमी करा म्हणून."

मी दोरीच्या पिशवीशी खेळत राहिलो. इतक्या रविवारचा आमचा राग आठवला आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि काउंटरवर चष्म्याच्या दोन फ्रेम ठेवल्या. एक काळी, एक तपकिरी.

"काड्या म्हणजे पाय," तो म्हणाला.

तपकिरी फ्रेम त्याने पाठीवर निजवली आणि काळी तिच्यावर पालथी घातली. मग तपकिरीच्या दोन्ही काड्या काळीच्या कमरेभोवती वळवल्या.

"सांगा, कोण हरतंय?"

"तपकिरी. पाठ टेकलीये."

"इथेच तुम्ही चुकता सगळे. कुस्तीत पाठ टेकली की संपलं. बॉक्सिंगमध्ये दहा मोजले की संपलं. इथे पाठ टेकल्यावर कधी कधी सुरू होतं. काड्या कोणाच्या कोणाभोवती आहेत ते बघा. काळीला हलता येत नाहीये. आता तिने चुकून हात पुढे टाकला," त्याने काळीची एक काडी हात म्हणून पुढे ओढून तपकिरीच्या काड्यांमध्ये अडकवली, "की गेला हात. वरची हरली."

नंतर मी दुपारी दुपारी त्याच्या दुकानात जात राहिलो. तो फ्रेम एकमेकींत गुंतवायचा आणि मी मोठ्याने सांगायचो. इंग्रजी नावं त्याने शिकवली, पण माझ्या तोंडात ती वेळेवर येत नव्हती. शेवटी त्याने सांगितलं की नावं सोडा, कोण वर आहे, पाय कुठे आहेत आणि हात कोणाचा अडकलाय, एवढंच सांगा. मधेच एखादं गिऱ्हाईक ती गुंतलेली जोडी उचलून किंमत विचारायचं.

मग एका दुपारी गच्चीवर मी हनीफसमोर बसलो, मोबाइलवर जुनी लढत लावली आणि सांगायला लागलो. मधे दोनदा चुकलो. हनीफ कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "म्हणजे खालचा जिंकला?"

"खालचा जिंकला."

"अजब कारभार." थोडा वेळ त्याने उन्हाकडे तोंड केलं. "येतो. टाळ्या वाजवणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

लढती एका मंगल कार्यालयात होत्या. जिथे नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर पिंजरा उभा केला होता. मागच्या भिंतीवर आदल्या लग्नाची कागदी फुलं तशीच होती आणि खुर्च्यांना मागे मोठाल्या गाठी मारलेली सॅटिनची कव्हरं होती. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. आमच्या मागे आल्हाद आणि त्याचं टेबल. पलीकडच्या बाजूला देवळा गावाहून एक पिकअप भरून माणसं आली होती, कारण इन्शाची प्रतिस्पर्धी निकिता देवळ्याची. मूळची कुस्तीची पोरगी, खांदे रुंद, चेहरा शांत. तिच्या बाजूच्या बायकांनी डबे आणले होते आणि आम्हालाही शेंगदाण्याची चटणी-भाकरी देऊ केली. हनीफने घेतली. शत्रूची भाकरी आहे, मी म्हणालो. खाऊन तर बघू, तो म्हणाला.

लढत सुरू झाली. पहिलं मिनिटभर दोघी उभ्याच होत्या आणि इन्शाचे हात मला ओळखीचे होते. जॅब. जॅब, इन्शालाही लागला. वाकली, सुटली. डावा, उजवा, वाकली. हनीफची मान माझ्या शब्दांबरोबर खाली जात होती. "दोरी," तो स्वतःशीच पुटपुटला. "दोरीखालून जातेय माझी पोर." जॅब, मी म्हणालो. तिलाही लागला. पुन्हा जॅब.

आणि निकिताने तो हात चुकवून खाली सूर मारला, इन्शाचे दोन्ही पाय कवेत घेतले आणि तिला उचलून आपटलं.

आल्हादने सांगितलेलं सगळं मला माहीत होतं. काय म्हणायचं तेही पाठ होतं. पण तो आवाज झाला आणि तोंडातून गेलं ते रोजचंच गेलं.

"पडली," मी म्हणालो.

आमच्या दोघांच्या भाषेत या शब्दाचा एकच अर्थ होता, आणि त्यानंतर काय करायचं तेही एकच. हनीफ उठून उभा राहिला. त्याने उजवा हात वर केला, बोट उघडलं आणि त्या भरल्या हॉलमध्ये त्याचा पंचाचा आवाज निघाला.

"वन!"

मी त्याची बाही ओढली. त्याला कळलंच नाही.

"टू!"

कडेची काही पोरं हसली. कोणीतरी शिट्टी मारली. पिंजऱ्याबाहेर उभा असलेला इन्शाचा कोच वळून बघायला लागला.

"थ्री!"

मी म्हणालो, "हनीफ, बस, तसं नाही." पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. आणि "फोर" झालं तेव्हा पलीकडून आणखी आवाज आले. देवळ्याच्या माणसांना वाटलं, इथली पद्धत असेल. आपली पोरगी वर आहे, मग मोजायला आपली काय हरकत? त्यांनी हनीफबरोबर मोजायला सुरुवात केली. "फाइव्ह!" अर्धा हॉल म्हणाला. एक बाई भाकरी हातात घेऊन म्हणाली, "लय भारी, निकिता!"

हनीफचा चेहरा मी जवळून पाहत होतो. एखाद्या अनोळखी मुलावर वाकून मोजावं तसा तो मोजत नव्हता. तो थांबून थांबून मोजत होता. दोन आकड्यांच्या मधे पंचाला जितकं थांबता येतं, त्याहून जास्त थांबत होता. डोळ्यांत पाणी होतं.

"सिक्स!"

मग मी उठलो. मी कधी सभेत उठून बोललेलो नाही. माझ्या निरोप समारंभातही मी उत्तराचं भाषण लिहून दुसऱ्याला वाचायला दिलं होतं. मी उठलो आणि ओरडलो.

"हनीफ, थांब! ती हरली नाहीये. ती खालून लढतेय!"

मोजणारे सगळे थांबले. हनीफचं पुढचं बोट अर्धंच उघडलेलं राहिलं.

"खालून?"

"खालून. पाठीवर आहे, पण पाय निकिताच्या कमरेभोवती आहेत. गच्च. निकिताला सुटता येत नाहीये."

"मग सांग ना," तो म्हणाला. "गप्प का झालास?"

आम्ही दोघंही उभेच होतो. मागून कोणी खाली बसा म्हणालं नाही. मी सांगायला लागलो, आणि आवाज एकदा वर गेला होता तो खाली आणायचं विसरलो. निकिता वरून ठोसा मारतेय. इन्शाने डोकं वळवलं. पुन्हा ठोसा, लागला. निकिताने उजवा हात पुढे टाकला. इन्शाने तो मनगटाला धरला. पाय वर घेतेय, खांद्यावर. मला समोर त्या दोन फ्रेम दिसत होत्या. हात आत आहे, मी ओरडलो, हात आत आहे, हनीफ, आता काडी वळली पाहिजे! काडी कसली, ते त्याने विचारलं नाही. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं.

हात निसटला. घामाने असेल, नाहीतर निकिता फारच ताकदवान असेल. तिने झटका देऊन तो बाहेर काढला आणि तेवढ्यात घंटा झाली.

पुढचे दोन राउंड मी उभ्यानेच सांगितले. इन्शा आणखी एकदा खाली गेली, एकदा तिने निकिताला जाळीशी दाबलं. शेवटच्या राउंडला तिचा एक उजवा असा बसला की देवळ्याची रांगसुद्धा "अरे बाप" म्हणाली. पण शेवटी तीन पंचांपैकी दोघांनी निकिताला दिलं. मला वाटतं, बरोबरच दिलं. मला कितीसं कळतं म्हणा, पण तसं वाटलं. निकिताचा हात वर झाला. हनीफ टाळ्या वाजवत होता. मी त्याच्याकडे बघितलं तर म्हणाला, "भाकरी खाल्लीय तिच्या घरची."

हॉल रिकामा व्हायला लागला तशी इन्शा आली. गालावर सूज, वेण्या अर्ध्या सुटलेल्या, खांद्यावर टॉवेल. ती हनीफच्या समोर उभी राहिली नाही. त्याच्या उजव्या खांद्याजवळ, जरा बाजूला, अशी उभी राहिली, जिथून तिचा चेहरा त्याला दिसतो. मला वाटत होतं, हे फक्त मला माहीत आहे.

"नाना, मी हरले," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"पंच म्हणतात."

"मीही पंच होतो," हनीफ म्हणाला. "मी सहापर्यंतच आलो होतो. सहाला कोणी हरत नाही."

ती हसायला लागली, मग तिचा ओठ दुखला आणि तिने टॉवेल तोंडाला लावला. टॉवेलातूनच म्हणाली, "मला आत ऐकू येत होतं. तुम्ही मोजताय म्हणजे उठायलाच पाहिजे असं वाटायला लागलं. आणि कोच ओरडत होते, उठू नको, उठू नको. कोणाचं ऐकू तेच कळेना."

पाय उभं राहायला असतात, असं हनीफ आता म्हणेल, म्हणून मी वाट बघत होतो. आल्हादही जवळच खुर्चीचं कव्हर सारखं करत रेंगाळला होता. तोही वाट बघत असावा.

"कोचचं ऐकायचं," हनीफ म्हणाला. "आत असताना कोचचं ऐकायचं. बाहेरचे म्हातारे काहीही मोजतात."

इन्शाने मान खाली घातली. त्याने अंदाजाने हात पुढे केला, तो बरोबर तिच्या डोक्यावर गेला.

"आणि जॅब मारून झाला की तुझा हात खाली येतो," तो म्हणाला. "दरवेळी लागत होता तुला. उद्या गच्चीवर ये. दोरी खाली बांधतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"राजाभाऊने सांगितलं."

मी असं काही सांगितलं नव्हतं. मी नुसतं जॅब म्हणत होतो आणि त्यानंतर दरवेळी, तिलाही लागला, असं म्हणत होतो. त्यावरून त्याने तिचा खाली आलेला हात पाहिला. मला डोळे होते आणि मला तो दिसला नव्हता.

पुढच्या रविवारी खिडकीजवळचं टेबल आधी आलं. चॅनल त्यांचं. एरवी अशा वेळी हनीफ पाठ फिरवून बसतो आणि आपली मिसळ उगाच घाईने संपवतो. त्या दिवशी त्याने खुर्ची सरळ केली, पापड मोडला आणि कॅलेंडरकडे तोंड करून बसला.

"चल राजाभाऊ," तो म्हणाला. "चादरीतलं भांडण सांग."

"काका, त्याला ग्रॅपलिंग म्हणतात," आल्हाद खिडकीजवळून म्हणाला.

"तू म्हण."

आल्हादने मंगलाबाईंना टीव्हीचा आवाज कमी करायची खूण केली. मी सांगायला लागलो. कोण वर आहे, पाय कुठे आहेत, हात कोणाचा अडकलाय. शेजारच्या टेबलावरचे दोघं-तिघं खायचं थांबवून माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा लक्षात आलं की माझा आवाज अजून हॉलमधलाच आहे. मी ओशाळून तो खाली आणला.

"मोठ्याने," हनीफ म्हणाला.

माझी मिसळ तशीच राहिली होती. मंगलाबाईंनी न विचारता तिच्यावर गरम रस्सा ओतला.